कौलारू घर

कौलारू घर म्हणजे उतरत्या छपरावर भाजलेल्या मातीच्या कौलांचे आच्छादन असलेले घर. महाराष्ट्रात कोकण, सह्याद्रीचा घाटमाथा, मावळ आणि पूर्व विदर्भ येथील ही पारंपरिक घरबांधणी असून, कोरड्या देशावर आणि खानदेश-बागलाण भागात ती धाब्याच्या म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांसोबत आढळते. उतरते पाखे, भिंतीबाहेर आलेली वळचण, दगडी जोते आणि पुढचा ओटा ही तिची बाह्य लक्षणे होत. ही अंगे शोभेसाठी एकमेकांजवळ ठेवलेली नसून परस्परांवर अवलंबून असतात. छप्पर पाणी उतरवते, वळचण ते भिंतीपासून दूर टाकते आणि जोते उसळलेल्या पाण्यापासून भिंतीचा पाया वाचवते. त्यामुळे छपराचा प्रकार बदलला की घराच्या संपूर्ण बाह्यरचनेवर त्याचा परिणाम होतो.

संज्ञा

छपराच्या एका उतरत्या बाजूस पाखे म्हणतात. समोर व मागे उतार असलेले घर दुपाखी, तर चारही बाजूंस उतार असलेले घर चौपाखी होय. पाखी जिथे माथ्यावर मिळतात तेथील आडव्या लाकडास आढे म्हणतात. आढ्यापासून भिंतीकडे उतरणारी लाकडे म्हणजे वासे आणि वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रिपा. कौले रिपांवर बसतात. भिंतीबाहेर आलेल्या छपराखालील जागेला वळचण, तर छपराच्या कडेवरून गळणाऱ्या धारांना पागोळ्या म्हणतात. पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचण्याच्या कामास शाकारणी असे नाव आहे. वचन, अभय किंवा देवाची अनुज्ञा या अर्थाचा ‘कौल’ हा शब्द अरबी मूळाचा असून त्याचा या कौलाशी अर्थाने संबंध नाही.

इतिहास

महाराष्ट्रात कौलांचा वापर किमान सातवाहन काळापासून ज्ञात आहे. नेवासे, तेर आणि कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथील उत्खननांत त्या काळातील भाजलेल्या मातीची कौले मिळाली आहेत. ही कौले चपटी असून त्यांवर पाणी वाहून जाण्यासाठी खाचा आणि लाकडावर खिळ्याने बसवण्यासाठी छिद्रे असत.

पुढील काळात गावोगाव कुंभाराने घडवलेले नळीचे कौल रूढ झाले. चाकावर मातीची नळी ओढून ती ओली असतानाच उभी चिरली जाते आणि वाळल्यावर आव्यात भाजली जाते. एका नळीची दोन अर्धगोल कौले होतात. छपरावर त्यांची एक रांग उताणी व तिच्या दोन्ही कडांवर दुसरी रांग पालथी रचतात. उताण्या रांगेतून पाणी वाहते आणि पालथी रांग सांधे झाकते. कौलांना खिळा किंवा चुना लागत नाही, ती केवळ स्वतःच्या वजनाने टिकतात. महाराष्ट्रातील सेवाग्राम आश्रमातील बापूकुटी हे मातीच्या भिंती आणि देशी कौलांच्या बांधणीचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकात यंत्रावर दाबून घडवलेली, एकमेकांत अडकणारी कौले आली. अशा कौलाचे एकस्व फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये घेतले होते. भारतात बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६० च्या दशकात मंगळूर येथे नेत्रावती नदीकाठी कारखाना काढून त्यांचे उत्पादन सुरू केले. म्हणून त्यांना ‘मंगलोरी कौले’ हे नाव मिळाले. समुद्रमार्गे ती कोकणातील बंदरांत व मुंबईत आणि पुढे रेल्वेने देशावर पोहोचली. रेल्वे स्थानके, शाळा, कचेऱ्या व विश्रामगृहे यांच्या छपरांमुळे ती अंतर्भागातील गावांच्याही परिचयाची झाली. पुढे गुजरातमधील मोरबी हेही या कौलांचे मोठे उत्पादनकेंद्र बनले.

छपराची रचना

मंगलोरी कौलाच्या मागील बाजूस रिपेत अडकणारी खुंटी असते आणि कडांवरील खाचा शेजारच्या कौलाच्या उंचवट्यात बसतात. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. प्रत्येक कौल २ ते ३ किलोचे असल्याने आच्छादनाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४० किलो होते. तुलनेने १२ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो असते. आढ्यावर बसवायच्या कौलांस कोने म्हणतात आणि ती चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्की करतात. मंगलोरी पद्धतीच्या कौलांसाठी ‘आयएस ६५४’ हे भारतीय मानक आहे.

उतार कमी असला तर वाऱ्याने पाणी सांध्यांतून आत शिरते. नळीची कौले फार उभ्या उतारावर घसरतात, तर मंगलोरी कौले खुंटीमुळे अधिक उतार सहन करतात. म्हणूनच मंगलोरी कौले आल्यावर अतिवृष्टीच्या प्रदेशातील छपरे अधिक उभी करता आली.

कौलांच्या सांध्यांतून हवा खेळती राहते. आढ्याजवळ साचलेली गरम हवा आणि चुलीचा धूर तेथून बाहेर पडतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवून रात्री आत सोडतो. तसा साठा कौलांत होत नाही, त्यामुळे सूर्यास्तानंतर कौलारू घर लवकर निवते.

बाह्यरचनेची अंगे

जोते. काळ्या पाषाणाचे घडीव किंवा ओबडधोबड जोते भिंतीला जमिनीतील ओल व पागोळ्यांचे उडते पाणी यांपासून दूर ठेवते. मातीच्या भिंतींच्या घरात जोत्याची उंची हा टिकाऊपणाचा मुख्य आधार असतो.

ओटा, ओसरी व पडवी. ओटा हा घरासमोरील उघडा किंवा छपराखालील चौथरा होय. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणे, धान्य निवडणे, दुपारची विश्रांती असे व्यवहार येथे होतात. मुख्य छपराचे पाखे खाली ओढून किंवा त्याला जोडून स्वतंत्र उतरते छप्पर देऊन पडवी करतात. तिच्यामुळे मुख्य भिंतीवर थेट ऊन व पाऊस येत नाही.

वळचण. वळचण जितकी पुढे तितकी भिंत सुरक्षित. मात्र फार पुढे आलेल्या वळचणीखाली वारा शिरून कडेची कौले उचलली जातात. म्हणून तिला लाकडी हस्तांचा आधार देतात आणि शेवटच्या रांगेतील कौले तारेने बांधतात.

भिंत व रंग. पांढऱ्या किंवा मातकट रंगाच्या भिंतीवर कौलांचा तांबडा रंग उठून दिसतो. परंपरेने भिंतींना चुन्याची सफेदी किंवा पांढऱ्या मातीचा पोतेरा, खालच्या पट्ट्यास गेरू आणि अंगणास शेणाचा सडा देत. गेरूच्या पट्ट्यावर पागोळ्यांच्या चिखलाचे डाग दिसून येत नाहीत, हा त्याचा व्यावहारिक उपयोग आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकयुक्त रंग दिल्यास आतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि गिलावा फुगून सुटतो. अशा भिंतीस चुन्याचा किंवा मातीचाच लेप योग्य ठरतो.

अंगण व झाडे. फांद्या छपरावर येतील इतके जवळ झाड लावत नाहीत. गळलेल्या पानांमुळे कौलांच्या पन्हळी तुंबतात व ओल धरून शेवाळ वाढते. शिवाय फांद्यांवरून छपरावर उतरणारी माकडे कौले फोडतात. तुळशीवृंदावन अंगणाच्या मध्याकडे, पागोळ्यांच्या रेषेबाहेर बांधले जाते.

बागलाण व नामपूर परिसर

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण (सटाणा) तालुक्यात घरांच्या छपरांचे दोन प्रदेश एकत्र येतात. पश्चिमेला साल्हेर, मुल्हेर व मांगीतुंगीचा डोंगराळ भाग असून तेथे पाऊस अधिक पडतो. त्या पट्ट्यात कुडाच्या किंवा मातीच्या भिंतींवर गवताचे किंवा नळीच्या कौलांचे उतरते छप्पर ही आदिवासी वस्त्यांची जुनी पद्धत आहे. पूर्वेकडे पाऊस घटत जातो. तेथे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून वर खारी माती दाबलेले धाबे सोयीचे ठरते. धाब्यावर धान्य वाळवता येते आणि उन्हाळ्यात झोपताही येते. पश्चिमेच्या डोंगरांतून येऊन मालेगावी गिरणेस मिळणाऱ्या मोसम नदीवरील नामपूर हे या दोन पट्ट्यांच्या दरम्यानचे बाजाराचे गाव आहे.

धाब्याची मर्यादा त्याच्या वजनात आहे. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे नवी माती टाकल्याने थर जाड होत जातो. ३० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर दर चौरस मीटरला ४५० किलोंहून अधिक भार टाकू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व धाराशिव जिल्ह्यांत दगडमातीच्या भिंतींवरील अशाच जड छपरांची, म्हणजे माळवदांची, घरे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कौलारू छपराचे वजन त्याच्या एका लहान अंशाइतके असते. मात्र वासे भिंतीशी नीट बांधलेले नसतील तर केवळ हलक्या छपराने घर सुरक्षित होत नाही.

कौलांचा आणखी एक उपयोग या परिसराच्या अर्थव्यवस्थेशी निगडित आहे. बागलाण हा कांदा पिकवणारा तालुका असून उन्हाळी कांदा काही महिने साठवण्यासाठी शेतकरी कांदाचाळ बांधतात. चाळीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतात व बाजूंना फटी ठेवतात, म्हणजे हवा खेळते. छपरासाठी मंगलोरी कौले किंवा उष्णता कमी शोषणारे दुसरे साहित्य सुचवले जाते. उघड्या लोखंडी पत्र्याखाली तापमान वाढून कांद्याचे वजन घटते व सड वाढते. घरावरून उतरवलेली जुनी कौले अशा चाळींवर पुन्हा वापरता येतात.

ऱ्हासाची कारणे

कौलारू घरांची संख्या घटण्यामागे अनेक कारणे एकत्र आली आहेत. नळीची कौले भाजण्यासाठी लागणारे सरपण व माती महाग झाली आणि बलुतेदारी संपल्यावर कुंभारांनी हा व्यवसाय सोडला. शाकारणी करणारे कुशल मजूर कमी झाले. सागाचे वासे परवडेनासे झाले. गारपिटीत कौले फुटतात आणि शाकारणी एक वर्ष चुकली तरी वासे कुजू लागतात. स्लॅबवर पुढे मजला चढवता येतो, ही सोय कौलारू छपरात नाही.

सामाजिक प्रतिष्ठा हेही एक कारण आहे. स्लॅबचे घर ‘पक्के’ आणि कौलारू घर ‘जुने’ अशी समजूत रूढ झाली. २०११ च्या जनगणनेत हातकौले व यंत्रकौले अशा छपरांची नोंद स्वतंत्रपणे घेण्यात आली होती. २०१६ पासून राबवल्या गेलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवले आहे. इतक्या लहान जागेत ओटा किंवा पडवी यांना पुरेशी जागा उरत नाही.

अनेक ठिकाणी कौले काढून त्याच वाशांवर पत्रे टाकले जातात. पत्रा स्वस्त असून दरवर्षीची शाकारणी वाचते, परंतु उन्हाळ्यात घर तापते व पावसात मोठा आवाज होतो. अ‍ॅसबेस्टॉस-सिमेंटचे पत्रे तुलनेने कमी तापतात. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने सर्व प्रकारचे अ‍ॅसबेस्टॉस कर्ककारक ठरवले आहे. जुने पत्रे कापताना, फोडताना किंवा घासताना त्याचे तंतू हवेत मिसळतात.

आधुनिक वापर

नव्या बांधकामांत कौलांचा वापर प्रामुख्याने तीन प्रकारे होतो.

पहिल्या प्रकारात लाकडाऐवजी लोखंडी नळ्यांच्या कैच्या व रिपा वापरून वर मंगलोरी कौले बसवतात. कौलांखाली चपटी छतकौले किंवा फळ्या दिल्यास दोन थरांमधील हवेची पोकळी उष्णता अडवते व धूळही कमी पडते. प्रकाशासाठी मधूनमधून काचेची कौले बसवतात.

दुसऱ्या प्रकारात उतरत्या स्लॅबवर शोभेसाठी कौले लावतात. यात गळतीची भीती कमी असली तरी वजन व खर्च दोन्ही वाढतात. कौले थेट सिमेंटमध्ये न बसवता रिपांवर बसवल्यास खालून हवा वाहते आणि फुटलेले कौल बदलता येते.

तिसऱ्या प्रकारात जुनी कौले स्लॅबच्या पोटात भरणी म्हणून घालून काँक्रीट वाचवतात. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली.

कौलारू छपराच्या कडेस पन्हळ लावून पावसाचे पाणी साठवता येते. छपराच्या आडव्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडल्यास १ लिटर पाणी मिळते. यानुसार ५० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास २५,००० लिटर पाणी उतरते. शोषण व गळतीची वजावट करून त्यातील सुमारे २०,००० लिटर साठवता येते. पहिल्या पावसाचे धूळमिश्रित पाणी टाकीत न घेता बाहेर सोडावे लागते.

शिंगलची छपरे

कौलांप्रमाणेच लहान तुकडे एकावर एक चढवून केलेल्या छपरांचा दुसरा वर्ग शिंगल या नावाने ओळखला जातो. हिमालयीन प्रदेशात देवदाराच्या फळ्या व पाटीच्या दगडाचे तुकडे यासाठी वापरले जात. डांबर व खनिज कणांचा थर दिलेले शिंगल विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत प्रचारात आले. महाराष्ट्रात ते काही बंगले व विश्रांतिगृहांवर दिसतात. हे शिंगल वजनाने हलके असले तरी त्यांना खाली अखंड फळी किंवा स्लॅब लागतो. त्यामुळे कौलांच्या सांध्यांतून होणारे वायुवीजन त्यांत होत नाही. उष्ण प्रदेशात त्यांच्याखाली हवेशीर पोकळी व आढ्याजवळ झरोके ठेवणे आवश्यक ठरते.

हेही पाहा

धाबे
माळवद
वाडा
कांदाचाळ
बलुतेदार
बागलाण तालुका