कार्ड, पुठ्ठा आणि शिळा : स्मृतीच्या आकारांविषयी

डिजिटल कॅमेऱ्यासाठी कोणते मेमरी कार्ड घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. साहित्याच्या विद्यार्थी-अध्यापकांसमोर तो मांडण्याचे कारण असे, की गेल्या पंचवीसएक वर्षांत आपल्या वाङ्मयीन आणि ऐतिहासिक साधनांची पुष्कळशी नोंद याच कार्डांवर झाली. शिलालेख, वीरगळ, पोथ्या, घराघरांतली मोडी कागदपत्रे, दुर्मीळ नियतकालिकांचे अंक यांची छायाचित्रे अभ्यासक स्वतःच काढू लागले. त्यापूर्वी शिलालेखाचा ओल्या कागदावर शाईने ठसा घ्यावा लागे, किंवा छत्तीस चित्रांचा फिल्मचा रोल मोजून-मापून वापरावा लागे. डिजिटल कॅमेऱ्याने ही काटकसर संपवली. मात्र त्याबरोबर एक नवी अडचण आली. ठसा आणि फिल्म डोळ्यांनी वाचता येत होती. कार्ड वाचायला यंत्र लागते, आणि ते यंत्र सर्वत्र एकच नव्हते.

या प्रश्नाचा विचार करताना आम्ही सोलापूर परिसर नजरेसमोर ठेवला आहे. येथे स्मृती साठवण्याच्या दोन जुन्या तऱ्हा, दगडावरचा लेख आणि मागावरचा भोकांचा पुठ्ठा, एकाच जिल्ह्यात भेटतात. त्यांच्या शेजारी मेमरी कार्ड ठेवले, की निवडीचा निकष कोणता असावा हे अधिक स्पष्ट होते असे आम्हांस वाटते.

प्रथम कार्डांचा इतिहास पाहू. या साऱ्या कार्डांच्या मुळाशी असलेली फ्लॅश स्मृती ही तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची देणगी. तिचा आज सर्वत्र वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ साली जाहीर झाला. १९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश आणले. पुढच्याच वर्षी तोशिबाचे स्मार्टमीडिया आले; ते एक मिलिमीटरहूनही पातळ होते. १९९७ मध्ये मल्टिमीडिया कार्ड, १९९८ मध्ये सोनीची मेमरी स्टिक, १९९९ मध्ये मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक), सॅनडिस्क आणि तोशिबा यांचे एसडी कार्ड आणि २००२ मध्ये ऑलिंपस व फुजिफिल्म यांचे एक्सडी पिक्चर कार्ड, अशी ही मालिका आहे. आठ वर्षांत सहा आकार, आणि कॅमेरा ज्या कंपनीचा त्यावर कार्ड ठरलेले! सोनी घेतला तर मेमरी स्टिक, ऑलिंपस घेतला तर आधी स्मार्टमीडिया आणि नंतर एक्सडी. त्यामुळे ग्राहक कार्ड निवडतो असे वाटत असले, तरी वस्तुतः तो कॅमेरा निवडत असे आणि कार्ड त्याच्या गळ्यात पडत असे.

आकारांतील हा भेद केवळ खाचेचा नव्हता. कॉम्पॅक्टफ्लॅशमध्ये स्मृतीबरोबरच तिचा कारभार पाहणारी नियंत्रक चकतीही कार्डातच बसवलेली होती. कोणत्या कप्प्यात काय ठेवले आहे हे कार्ड स्वतःच जाणत असे. कॅमेऱ्याने फक्त मागायचे. म्हणून हे कार्ड जाड झाले, महाग झाले, पण त्याची क्षमता वाढत गेली तरी मूळ व्यवहार टिकून राहिला. स्मार्टमीडियाने ही चकती कार्डातून काढून कॅमेऱ्यात नेली. कार्ड पातळ आणि स्वस्त झाले, पण त्याचे ज्ञान परक्या घरी राहिले. नंतर अधिक क्षमतेचे कार्ड आले, तेव्हा जुन्या कॅमेऱ्याला ते उमगेना. शेवटी १२८ मेगाबाइटवर हा आकार थांबला आणि काही वर्षांत बाजारातून गेला. एक्सडीची गतही फार वेगळी झाली नाही. ते दोन गिगाबाइटपर्यंत पोचले आणि थांबले. सोनीने २०१० साली एसडी कार्डांना आपल्या घरात जागा दिली, तेव्हा आकारांच्या या झगड्याचा निकाल बहुतांशी लागला होता.

एसडीची कथाही सरळ नाही. २००६ साली ३२ गिगाबाइटपर्यंत जाणारी एसडीएचसी कार्डे आली आणि २००९ साली त्याहून मोठी एसडीएक्ससी. बाह्य आकार तोच, खाच तीच. परंतु जुन्या एसडी कॅमेऱ्यात नवे कार्ड घातले तर तो कॅमेरा ते ओळखत नाही. नव्या यंत्राला मात्र जुने कार्ड वाचता येते. मराठीच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटावा. मोडीतला कागद आणि बाळबोधातला कागद यांत भाषा एकच असते, कागदही तोच असतो. लिपी बदलली की वाचणारा बदलतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली मोडी नंतर अशी मागे पडली, की ज्यांच्या आजोबांनी ती दस्तऐवजांत वापरली त्या घरांतच आज ती वाचणारे कोणी नाही. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, आणि मजकूर मात्र घरच्यांना पारखा झाला आहे.

आता सोलापूरच्या पुठ्ठ्याकडे वळू. सोलापुरी चादर, जिला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली आहे, ती जकार्ड मागावर विणली जाते. जोझेफ मारी जकार्ड या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास लियाँ येथे सिद्ध केलेल्या या योजनेत नक्षी पुठ्ठ्यांच्या माळेवर भोकांच्या रूपाने लिहिलेली असते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा. जेथे भोक आहे तेथली सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेले ताण्याचे धागे वर उचलले जातात; जेथे भोक नाही तेथे ते खालीच राहतात. अशी शेकडो पुठ्ठ्यांची माळ फिरली, की कापडावर नक्षी उमटते. विणकराला ती पाठ असण्याची गरज उरत नाही, कारण ती पुठ्ठ्याला पाठ असते. मेमरी कार्ड हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून स्मृती धारण करणारे कार्ड मागावर फिरत आले आहे.

आणि तेथेही आकारांचा झगडा होताच. भोकांमधल्या अंतरावरून जकार्ड यंत्रांच्या पद्धती ठरल्या. भरड अंतराची इंग्लिश पद्धत, त्याहून बारीक व्हिन्सेंझी आणि पुठ्ठ्याऐवजी सलग कागद वापरणारी अतिबारीक व्हर्डोल, असे तीन पंथ जगभर चालले. एका पद्धतीसाठी पाडलेली भोके दुसऱ्या यंत्राला वाचता येत नाहीत. यंत्र भंगारात गेले तर नक्षीची माळ सुस्थितीत असूनही मुकी होते. पुढे १९८३ मध्ये बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड जगासमोर आणले. त्यानंतर नक्षी पुठ्ठ्यावरून संगणकाच्या फाइलीत जाऊ लागली, आणि कोणती फाइल कोणते यंत्र वाचते हा प्रश्न विणकरासमोर नव्या रूपात उभा राहिला.

पुठ्ठ्याहून कितीतरी जुना असा दगड याच जिल्ह्यात आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे, भीमा आणि सीना यांच्या संगमावरील मंदिरात, शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ मधला शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांच्या संशोधनामुळे तो मराठीच्या इतिहासात आला. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्या मराठी ओळीचा आशय विलक्षण आहे: जो हे वाचील तो विजयी होईल. दानलेखाच्या अखेरीस शाप घालण्याची प्रथा आपल्याला परिचित आहे. दान मोडणाऱ्याला गाढवाची धमकी देणारे दगड महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. येथे आशीर्वाद आहे, आणि तो वाचणाऱ्याला आहे. एवढा कठीण दगड हाती असताना कोरवून घेणाऱ्याने दगडाच्या टिकाऊपणावर सारी भिस्त ठेवली नाही. पुढे कोणीतरी वाचणारा असला पाहिजे, हे त्याने जाणले होते.

हा निकष घेऊन पुन्हा कार्डांकडे आलो, की एक गोष्ट ध्यानात येते. बाहेरचे आकार परस्परांशी भांडत असताना आतमध्ये एक शांत समझोता झाला होता. छायाचित्राची जेपेग पद्धत १९९२ साली प्रमाणित झाली होती. चित्रे कोणत्या नावाच्या कप्प्यात, कशा नावाने ठेवायची याचा नियम जपानी उद्योगांच्या संघटनेने १९९८ साली ठरवला. कुठल्याही कॅमेऱ्याच्या कार्डावर डीसीआयएम नावाचा फोल्डर सापडतो तो या नियमामुळे. म्हणून स्मार्टमीडिया मेले, एक्सडी मेले, तरी त्यांच्यावरून वेळीच उतरवून घेतलेली चित्रे आजच्या कोणत्याही संगणकावर उघडतात. या चित्रांना वाचवले ते या सामाईक करारांनी. कार्डाच्या वेगाने किंवा क्षमतेने नव्हे. याउलट प्रत्येक कॅमेरा कंपनीची स्वतःची रॉ फाइल हा ज्याच्या त्याच्या घरचा बंदोबस्त राहिला. त्यावर उपाय म्हणून अडोबीने २००४ साली डीएनजी ही खुली पद्धत मांडली, पण ती सर्वांनी स्वीकारली असे झाले नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत हे दुखणे अधिक जवळचे आहे. छायाचित्रांसोबत अभ्यासकांनी जी टिपणे संगणकावर लिहिली, त्यांतील कित्येक युनिकोडपूर्व फाँटांमध्ये होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असूनही मराठी टंकलेखन त्याकडे वळायला पुष्कळ काळ गेला. अशी जुनी फाइल आज उघडली, तर फाँट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कार्ड वाचले जाते, फाइल वाचली जाते, आणि मराठी मात्र वाचली जात नाही. वाचनाच्या साखळीत तीन कड्या असतात: यंत्र, फाइल आणि लिपी. एक तुटली तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात.

फ्लॅश कार्डाची एक मर्यादा येथे सांगणे भाग आहे. त्यात चित्र म्हणजे कप्प्यांत कोंडलेला विद्युत्प्रभार असतो, आणि न वापरता ठेवलेल्या कार्डातून तो वर्षानुवर्षे हळूहळू गळत जातो. दगडाला ऊनपाऊस झिजवतो तेव्हा अक्षरे पुसट होत जातात आणि पाहणाऱ्याला आधी इशारा मिळतो. कार्ड असा इशारा देईलच असे नाही. म्हणून कार्ड ही वाहतुकीची पिशवी समजावी, कोठार समजू नये.

यावरून आजच्या निवडीविषयी काही सांगता येते. शिलालेखांच्या किंवा कागदपत्रांच्या नोंदीसाठी कॅमेरा घेणाऱ्याने सर्वाधिक यंत्रांत चालणारे कार्ड घ्यावे. आज ते एसडी आहे. महागड्या कॅमेऱ्यांत चालणारी सीएफएक्सप्रेस कार्डे वेगवान आहेत, पण स्थिर दगडाचे चित्र घ्यायला तेवढा वेग लागत नाही. एका मोठ्या कार्डाऐवजी दोन मध्यम कार्डे बरी. रॉ घेतले तरी सोबत जेपेग घ्यावे. घरी परतताच चित्रे दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावीत, आणि गाव, मंदिर, लेखाची जागा व तारीख यांचे टिपण युनिकोडमध्ये त्याच फोल्डरात ठेवावे. टिपण नसलेले शिलालेखाचे चित्र वीस वर्षांनी केवळ दगडाचे चित्र उरते.

आणि ज्यांच्या कपाटांत स्मार्टमीडिया, एक्सडी किंवा जुन्या मेमरी स्टिक पडून आहेत, अशा अध्यापकांना व विभागांना आमची विनंती आहे. त्या कार्डांची यंत्रे जुन्या बाजारात अजून मिळतात. त्या कार्डांवरचे कित्येक वीरगळ या मधल्या काळात रंगवले गेले असतील, भिंतीत चिणले गेले असतील. त्यांचे वाचता येण्याजोगे रूप कदाचित त्या कार्डावरच असेल. ते या वर्षी उतरवून घ्यावे.