दोन सबवूफर, पण बेस कुठे गेला? होम थिएटरमध्ये एकापेक्षा जास्त सबवूफर कसे जुळवायचे

दुसरा सबवूफर आणला की बेस दुप्पट होतो, असं मलाही वाटायचं. पुण्यातल्या आमच्या १५ बाय ११ फुटांच्या हॉलमध्ये मी टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत दोन सबवूफर ठेवले, रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन चालवलं आणि हॉलच्या मधोमध असलेल्या सोफ्यावर येऊन बसलो. पडद्यावर स्फोट झाला, सोफ्यावर काहीच नाही! मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला भाऊ मात्र ओरडतोय, "अरे कमी कर, छाती हादरतेय." मी आवाज वाढवला, तर दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. पैसे गेले, शेजार बिघडला आणि ज्या जागेसाठी हा खटाटोप केला तिथेच बेस गायब.

सबवूफरमध्ये दोष नव्हता, घोळ खोलीचा होता.

खोली बेसचं काय करते?

बेसच्या लहरी लांबलचक असतात. ४० हर्ट्झची लहर जवळपास साडेआठ मीटरची, म्हणजे आपल्या हॉलपेक्षा मोठी. ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये पुढेमागे आदळत राहते आणि काही ठराविक फ्रिक्वेन्सींवर खोली स्वतःच घुमायला लागते. यांना रूम मोड म्हणतात. पहिला मोड काढायला सोपं सूत्र आहे: ३४३ भागिले खोलीच्या मीटरमधल्या लांबीची दुप्पट. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर, म्हणून आमच्या हॉलचा लांबीचा मोड साधारण ३८ हर्ट्झला येतो. ११ फुटांच्या रुंदीचा ५१ हर्ट्झच्या आसपास. हॉल किचनला किंवा पॅसेजला जोडलेला असेल तर आकडे थोडे सरकतात, पण अंदाज येतो.

गंमत अशी की पहिल्या मोडचा दाब भिंतींजवळ सगळ्यात जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास शून्य असतो. त्या शून्याच्या जागेला नल म्हणतात. माझा सोफा अगदी तिथेच! भाऊ भिंतीला टेकला होता, म्हणून त्याची छाती हादरली.

इथेच दुसऱ्या सबवूफरचं खरं काम कळतं. तो आवाज वाढवण्यापेक्षा प्रत्येक खुर्चीवर बेस सारखा पोचवण्यासाठी घ्यायचा असतो.

जागा आधी, बटणं नंतर

हर्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये, आयताकृती खोलीत किती सबवूफर पुरेत आणि ते कुठे ठेवावेत, यावर शोधनिबंध मांडला. चारही भिंतींच्या मध्यावर एकेक असे चार सबवूफर उत्तम, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी निकाल त्याच्या बराच जवळ जातो, असं त्यातून दिसलं.

कारण सरळ आहे. समोरच्या आणि मागच्या भिंतीवरचे सबवूफर ३८ हर्ट्झचा मोड एकमेकांविरुद्ध ढकलतात, त्यामुळे तो उठतच नाही. शिवाय दोघेही रुंदीच्या मध्यावर असल्याने ५१ हर्ट्झच्या मोडच्या नलमध्ये बसतात आणि तोही चेतत नाही. माझ्या आधीच्या मांडणीत, दोघेही पुढच्या कोपऱ्यांत असताना, रुंदीचा मोड कटत होता पण लांबीचा दुप्पट जोराने उठत होता. मग मी एक सबवूफर टीव्हीखाली मध्यावर आणला आणि दुसरा सोफ्यामागे भिंतीपाशी नेला. लांब केबल भिंतीच्या कडेने ओढावी लागली, आईने नाक मुरडलं, पण फरक लगेच कळला.

भिंतीचा मध्य मिळत नसेल (दार असतं, शूरॅक असतो) तर समोरासमोरचे किंवा तिरके कोपरे करून पाहा. दोन्ही सबवूफर शेजारी शेजारी ठेवणं शक्यतो टाळा.

फोनने मोजता येतं का?

अर्धं येतं. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे ३० हर्ट्झला तो दाखवेल त्या डेसिबलवर विश्वास ठेवू नका. पण तो चुकला तरी प्रत्येक जागी सारखाच चुकतो. म्हणून दोन खुर्च्यांची तुलना करायला फोन चालतो. टोन जनरेटर ॲपवरून ३०, ४०, ५०, ६०, ८० हर्ट्झचे टोन सिस्टीमवर वाजवा आणि दुसऱ्या फोनवरच्या साउंड मीटर ॲपने प्रत्येक खुर्चीवर कानाच्या उंचीला आकडा लिहून घ्या. ऑटो गेन किंवा नॉइज कमी करणारी सोय ॲपमध्ये बंद करता येत असेल तर बंद करा, नाहीतर फोन एकसुरी टोनलाच गोंगाट समजून दाबून टाकतो. आवाज मध्यमच ठेवा. सलग टोनने सबवूफरवर ताण येतो आणि काकूही आहेतच.

पुढच्या पायऱ्यांसाठी मात्र यूमिक-१ सारखा कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप लागतो. मित्राचा माइक दोन दिवस आणलात तरी काम होतं.

जुळवणी

दोन्ही सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर किंवा एलएफई वर, फेज शून्यावर आणि ऑटो स्टँडबाय बंद. दोन्ही एकाच मॉडेलचे असतील तर गेन सारखा ठेवा. मागचा जवळ आहे म्हणून त्याचा गेन कमी करायचा मोह होतो, पण मोड कटायला दोघांची ताकद सारखी लागते.

आता आधी एकटा पहिला, मग एकटा दुसरा, मग दोघे मिळून मोजा. दोघे एका सुरात असतील तर आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो. एखाद्या पट्ट्यात दोघांचा मिळून आवाज एकट्यापेक्षाही कमी आला, तर तिथे ते एकमेकांना खातायत.

माझ्याकडे पुढचा सबवूफर सोफ्यापासून २.८ मीटरवर होता, मागचा १.३ वर. दीड मीटरचा फरक म्हणजे ४.४ मिलिसेकंद. ४० हर्ट्झला एवढ्याने फार बिघडत नाही, पण ८० हर्ट्झला हा फरक १२६ अंशांचा होतो आणि दोघांची बेरीज एकट्यापेक्षा कमी भरते. यावर उपाय म्हणजे जवळच्या सबवूफरला डिले. पण पूर्ण ४.४ दिला तर सोफा खूश आणि मागच्या खुर्चीवर ३८ हर्ट्झची घूम परत, कारण समोरासमोरचा तोल मोडला. मी चार-पाच वेळा मोजून २ मिलिसेकंदांवर तडजोड केली. एकटेच पाहत असाल तर पूर्ण द्या. घरात तीन-चार जण बसत असतील तर प्रत्येक खुर्चीवर मोजूनच ठरवा. खुर्च्या जास्त असतील तर मल्टी-सब ऑप्टिमायझर हे मोफत सॉफ्टवेअर तुमच्या मोजमापांवरून गेन, डिले आणि फिल्टर शोधून देतं.

एक खाचखळगा: रिसीव्हरला दोन सब आउट दिसले म्हणून दोन्ही वेगळे असतील असं नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये आत एकच सिग्नल दोन जॅकना दिलेला असतो. तेव्हा वेगळा डिले द्यायला मिनीडीएसपी २x४ एचडी सारखी छोटी पेटी मध्ये लावावी लागते. यूएसबी माइकने डिले मोजताना सॉफ्टवेअरमधला अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू ठेवा, नाहीतर आकडे दरवेळी वेगळे येतील.

इथून पुढे दोन्ही सबवूफर एकच समजायचे. ईक्यू दोघांना मिळून आणि एकच लावा. वर आलेले डोंगर खाली आणा, पण खड्डे भरायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरची दहापट ताकद लागते आणि नल असेल तर तिथे तीही वाया जाते. खड्डा दिसला तर पुन्हा जागा आणि डिलेकडे वळा. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन या सगळ्यानंतर चालवा. मी ते आधी चालवलं होतं, तीच चूक.

शेवटी स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. तिथे खड्डा दिसला तर रिसीव्हरमधलं सबवूफरचं अंतर अर्ध्या-अर्ध्या फुटाने बदलून पाहा.

मी आता सबवूफरची लेव्हल पूर्वीपेक्षा ५ डेसिबल खाली ठेवतो, कारण नल भरून काढायला आवाज चढवावा लागत नाही. सबवूफरखाली रबरी पॅडही घातलेत. त्याने फरशीची थरथर कमी होते, हवेतून जाणारा बेस थांबत नाही. रात्री दहानंतर तोही बंद.