दोन लिप्यांची सोयरीक

भिवंडीच्या बाजारांतून फिरतांना दुकानांच्या पाट्या वाचीत जाण्याची प्रस्तुत लेखकास जुनी खोड आहे. उत्तर हिंदुस्थानांतून येऊन वसलेल्या मोमीन विणकरांनीं या गांवीं उर्दू आणली, तेलंगणांतील पद्मशाली कुटुंबांनीं तेलुगू आणली, इंग्रजी सर्वत्र आहेच आणि मराठी तर घरचीच. त्यामुळें एकाच पाटीवर दोन, प्रसंगीं तीन लिप्या शेजारीं बसलेल्या दिसतात. प्रत्येक अक्षर सुटें पाहिलें तर बरें असतें. पाटी मात्र बिघडलेली असते. २०२२ सालीं राज्याच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपीच्या अक्षरापेक्षां लहान नसावें असें ठरलें. हेतु चांगला, परंतु पट्टीनें मापून बरोबरीचें केलेलें मराठी अक्षर इंग्रजीच्या शेजारीं पुष्कळदां खुजेंच दिसतें. असें कां व्हावें, हें आज संगणकावर शेंकडों टाईप हाताशीं असलेल्या नवशिक्यासहि उमगत नाहीं.

कोडें मात्र जुनें आहे. गोमंतकांत १५५६ मध्यें छापखाना आला, तरी फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें छापलें गेलें तें रोमन अक्षरांतच. पुढें श्रीरामपुरास विल्यम केरीनें मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें देवनागरींत आणि कोश १८१० मध्यें मोडींत छापला. एका भाषेच्या अंगावर कोणता पेहराव शोभेल, याचा निर्णय तेव्हां व्हावयाचा होता.

दोन लिप्या एका पृष्ठावर नांदविण्याचा प्रश्न ठळकपणें उभा राहिला तो ‘दर्पणा’त. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं सुरू केलेल्या या पत्रांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत येत असे. वाचकाची दृष्टि एका स्तंभावरून दुसऱ्यावर गेली कीं दोन लिप्यांच्या प्रकृतींतील अंतर तिला जाणवावयाचेंच. रोमन अक्षर तळरेषेवर उभें राहतें, देवनागरी अक्षर शिरोरेषेस लोंबतें. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, अक्षराच्या खालीं उकार. या सर्वांस जागा द्यावी तर खिळ्याच्या उंचीपैकीं मूळ अक्षराच्या वांट्यास मधला भागच उरतो. म्हणून एकाच मापाच्या दोन खिळ्यांत रोमन अक्षर धिप्पाड आणि देवनागरी बारीक दिसतें. शिवाय दोहोंच्या लेखणीचा छाट उलट दिशेचा असल्यामुळें अक्षराची जाडी परस्परविरुद्ध कर्णांवर पडते. तेव्हां जोडी जमवावयाची ती पट्टीनें नव्हे, डोळ्यांनीं. देवनागरी एक माप मोठी घ्यावी आणि दोन्ही मजकुरांची काळिमा सारखी दिसेल इतपत जाडी राखावी.

मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत ही सोयरीक सुखाची झालेली दिसते. शब्द देवनागरींत, अर्थ रोमनमध्यें. एक शोधावयाचा, दुसरा वाचावयाचा. कामें वांटलेलीं असल्यामुळें तंट्यास जागाच नाहीं.

याहूनहि मोठा धडा जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरांत मिळतो. लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम करून खिळ्यांची विद्या शिकलेल्या या गृहस्थानें १८६९ मध्यें आपला छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरणारा कुशल कारागीर त्यांस लाभला होता. तेथील सटीक संस्कृत ग्रंथ उघडून पाहावेत. मूळ श्लोक मोठ्या टाइपांत, टीका लहान टाइपांत. पण दोन्ही अक्षरें एकाच घराण्याचीं. त्यांचें वळण तेंच, फरक मापाचा. तेवढ्यानें गुरु कोण आणि भाष्यकार कोण हें न वाचतांच कळतें. आजचा नवशिका हाच भेद दाखविण्यास चार निराळे टाईप वापरतो.

हा दोष लेखकानेंहि केला आहे. तरुणपणीं एका संस्थेच्या स्मरणपत्रिकेचें काम हातीं आलें असतां मीं मथळ्यास एक, नांवांस दुसरा, मजकुरास तिसरा आणि आभारास चौथा टाईप योजिला. वृद्ध जुळाऱ्यानें कागद हातीं घेऊन विचारलें, “यांतलें बोलतंय कोण, राव?” उत्तर सुचलें नाहीं. पत्रिका मात्र तशीच छापली गेली, आणि ती अजून एका कपाटांत आहे.

उर्दूची गोष्ट याहून बिकट. नस्तालीक लिपीचा शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो; सरळ ओळींत बसणाऱ्या खिळ्यांस तो मानवेना. म्हणून उर्दू वृत्तपत्रें दीर्घकाळ कातिबाच्या हातानें लिहून शिळाछापावर छापलीं जात, आणि १९८१ च्या सुमारास नूरी नस्तालीक आल्यावर तें काम यंत्राकडे गेलें. अशा लिपीस शिरोरेषेच्या पट्टींत कोंबणें म्हणजे उतरणीस सपाट करणें होय. भिवंडीच्या ज्या पाट्यांवर उर्दू मराठीच्या बरोबरीनें एकाच ओळींत ताणलेली असते, त्यांवर दोघींचीहि अब्रू जाते.

परवां बाजारांत एक रंगारी शिडीवर उभा होता. त्यानें आधीं शिरोरेषा ओढली, तिला मराठी अक्षरें टांगलीं, मग खालीं वीतभर जागा कोरीच ठेवली. दुकानदार खालून ओरडला कीं एवढी जागा फुकट कां घालवितोस. रंगाऱ्यानें उत्तर दिलें नाहीं. ब्रश धुऊन त्या कोऱ्या जागेच्या उजव्या टोकाशीं, बराच वर, त्यानें उर्दूचें पहिलें अक्षर टेकविलें.