दिंडीची गाडी : बैलजोडीपासून पिकअपपर्यंत

शताब्दीचा हा ग्रंथ काढायचे ठरले तेव्हा लेखांची वाटणी झाली. कोणी विणेकऱ्यांवर लिहायचे घेतले, कोणी पखवाजाच्या परंपरेवर, कोणी भिशीच्या हिशेबावर. गाडीवर लिहायला मात्र कोणी पुढे येईना. "गाडीचं काय लिहायचं? ती सामान नेते," असे एक जण म्हणाले. ते काही खोटे नाही. पण दिंडी पायी चालली तरी दिंडीची राहुटी, पिठाची पोती आणि भाताचे पातेले शंभर वर्षे चाकावरच चालत आले आहे. चाक थांबले की काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, ती आम्ही गाडीवाली मंडळी. म्हणून हा लेख आम्ही चौघांनी एकत्र बसून लिहिला आहे. काही गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या, बाकीच्या आमच्या हातून गेलेल्या.

बैलांचे दिवस

सुरुवातीला दिंडीसोबत बैलगाड्या असत. एकीत धान्य आणि भांडी, दुसरीत पाले, सरपण आणि बैलांची वैरण. बैल गावातल्याच घरांतून यायचे आणि बैल देणाऱ्याला तो मान वाटायचा. पेरणी उरकलेली असो वा नसो, माउलींच्या कामाला जोडी नाही म्हणायचे नाही, असा रिवाज होता.

त्या गाड्यांनाही दुरुस्ती लागायचीच. उन्हाळाभर लाकूड वाळून आकसते, मग आरे खुळखुळतात आणि चाकावरची लोखंडी धाव ढिली पडते. म्हणून निघण्याआधी दोन दिवस चाके ओढ्यात नाहीतर डबक्यात ठेवत. लाकूड पाणी पिऊन फुगले की सगळे पुन्हा घट्ट बसायचे. नीरेच्या मुक्कामी पादुकांचे स्नान झाले की खालच्या अंगाला आपल्या गाड्या घटकाभर पाण्यात उभ्या करत, असे जुनी माणसे सांगत. तेवढ्यानेही भागले नाही तर लोहार धाव काढून थोडी कमी करायचा, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचा आणि चाकावर चढवून वरून पाणी ओतायचा. लोखंड निवताना आवळते आणि चाक धरते. आखाला वंगण म्हणून एरंडेल लागायचे, त्याची बुधली गाडीखाली टांगलेली असे. आपल्या दिंडीत सुतार आणि लोहार दोघेही टाळकरी म्हणून चालत. म्हणजे भजन करणारा हात आणि गाडी दुरुस्त करणारा हात एकच होता. हे पुढेही तसेच राहिले, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

१९७२ च्या दुष्काळात वैरण नव्हती. गावातली निम्मी दावण मोकळी झाली. ज्यांचे बैल राहिले त्यांच्या अंगावर मांस नव्हते. अशा जनावरांना दिवे घाट चढवायला लावणे कोणाच्या मनाला पटेना. त्यानंतर दिंडीच्या सामानाला बैलगाडी पुन्हा जुंपली गेली नाही.

पेट्रोलची जीप आणि ओला फडका

स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि ट्रक बनवायला लागली. पण खेड्यात ही वाहने नवी कधी आली नाहीत, तिसऱ्या-चौथ्या हाताने आली. आमच्या गावात अशी एक जुनी पेट्रोल जीप आली ती ज्यांच्याकडे, त्यांना सगळे आबा म्हणत. पुढे जीप आणि मागे ट्रॉली अशी जोडून ती दिंडीला लागली. आबांनी भाडे कधी घेतले नाही. पेट्रोल दिंडीचे, गाडी आबांची.

या जीपने आम्हाला पहिला धडा घाटात दिला. दुपारच्या उन्हात चढावर ती आचके देऊन बंद पडायची. टाकीत पेट्रोल भरलेले, ठिणगी व्यवस्थित, तरी चालू होईना. अर्ध्या तासाने काही न करता आपोआप सुरू व्हायची. काहींनी ही देवाची लीला म्हटली. आबा म्हणाले, "देवाला दुसरी कामं आहेत." मग एका जुन्या लष्करी ड्रायव्हरने उलगडा केला. तापलेल्या इंजिनाजवळ नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. उपाय एकच, पंपावर ओला फडका टाकायचा आणि निवू द्यायचे. त्या दिवसापासून जीपमध्ये पाण्याची कळशी आणि धोतराचा फडका कायम असे. तहानलेल्या वारकऱ्याने कळशी मागितली तर आबा आधी त्याला पाणी देत आणि मग पंपाला.

डिझेल आले

१९८६ साली पुण्याच्या कारखान्यातून टाटा ४०७ बाहेर पडली आणि वारीच्या रस्त्यावर हळूहळू लहान ट्रकच ट्रक दिसू लागले. आमच्या दिंडीचा पसाराही वाढला होता. पालांच्या जागी तंबू आले, सरपणाच्या जागी गॅसच्या टाक्या आल्या. आबा थकले, जीप भंगारात गेली. काही वर्षे भाड्याच्या गाड्या केल्या. पण ऐन आषाढात भाडे दुप्पट व्हायचे. एका वर्षी ठरलेला गाडीवाला आदल्या रात्री फिरला आणि दिंडीला आळंदीत सामान डोक्यावर घेऊन उभे राहावे लागले. तेव्हा भिशीत उरलेल्या पैशांतून आणि घराघरांतून जमवून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. कागद दिंडीतल्या तिघांच्या नावावर, पण मालक सारेच. आज मंदिरामागे पत्र्याखाली उभी आहे ती हीच.

जुनी गाडी घेणे म्हणजे आधीच्या मालकाच्या चुकाही विकत घेणे. पहिल्याच वारीत लोणंदच्या अलीकडे ती बंद पडली. स्टार्टर फिरतोय, धूर नाही, इंजिन घेत नाही. तिघांनी ढकलली, दहा जणांनी ढकलली. शेवटी रस्त्यावरचा एक मिस्त्री सायकलवरून उतरला आणि त्याने विचारले, "माउली, डिझेल संपवलं होतं का?" संपवले होते. टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते. मग नुसते डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. त्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप दाबत राहिला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला आणि गाडी दुसऱ्या फिरकीला बोलली. पैसे विचारले तर म्हणाला, "पंढरीला माझा नमस्कार सांगा." त्याचे नाव विचारायचे राहून गेले, याची खंत आम्हाला अजून आहे.

त्या वर्षी दिंडी तळावर पोचली तेव्हा चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या दिंडीने आपल्यातले पिठले-भाकरी वाढले. म्हाताऱ्या माणसांनी एक शब्द काढला नाही, पण आम्हाला घास गिळवेना. तेव्हा ठरवले की गाडी आपली, तर तिचे दुखणेही आपल्याला कळले पाहिजे. आमच्यातले दोघे पुढचा पावसाळा तालुक्याच्या गॅरेजात फुकट हात काळे करायला गेले.

दुखणे ओळखण्याची रीत

तिथे जे शिकलो ते पुढच्या मुलांसाठी थोडक्यात देतो, कारण जुन्या गाड्या आजही बऱ्याच दिंड्यांत आहेत.

गाडी बंद पडली की आधी पाना उचलायचा नाही, आधी पाहायचे. स्टार्टर फिरत नसेल तर बॅटरीपासून सुरुवात. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन घासून आवळायची. निम्म्या वेळा रोग तिथेच असतो. स्टार्टर फिरतो पण इंजिन घेत नाही, तर डिझेल येते का ते पाहायचे. फिल्टरच्या तळाशी पाणी साचले असेल तर ते सोडून द्यायचे. पावसात ड्रममधून भरलेल्या डिझेलात पाणी हमखास असते.

धूर बोलतो, तो ऐकायचा. काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी किंवा डिझेल जास्त. वारीच्या धुळीत एअर फिल्टर चार दिवसांत भरतो, आधी तो उघडावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, रेडिएटरचे पाणी सारखे कमी होते आणि ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते, तर हेड गॅस्केट गेले समजावे. अशी गाडी पुढे रेटू नये. एकदा आम्ही रेटली होती, तेव्हा हजाराचे काम इंजिन उघडण्यावर गेले.

घाटात पाणी उकळले तर झाकण लगेच उघडू नये. आमच्यातल्या एकाच्या हातावर त्याची खूण आहे. गाडी बाजूला घ्यावी, निवू द्यावी, पंख्याचा पट्टा तुटला किंवा ढिला झाला आहे का ते पाहावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नये.

पाटे मोडतात ते वजनाने. भिजलेला तंबू कोरड्यापेक्षा किती जड होतो हे भरताना कोणाच्या ध्यानात येत नाही. माळशिरसच्या पुढे एकदा मेन पाटा तुटला, तेव्हा लाकडाचा ठोकळा आणि सुती दोर बांधून बैलाच्या चालीने वेळापूर गाठले. आणि काळ्या रानात तळ पडला असेल तर गाडी रात्रीच तोंड रस्त्याकडे करून लावावी. सकाळी चिखलात फिरवत बसलात तर चाक आखापर्यंत जाते.

दिवे घाटातली परतीची सकाळ

आता जे लिहितो ते लिहू नये असे काहींचे मत होते. पण शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर चूकही लिहिली पाहिजे.

पौर्णिमेचा काला करून आम्ही परत निघालो होतो. सामानावर अकरा माणसे बसली होती, बहुतेक वयस्क. चालून पाय सुजलेले, "बसू द्या रे" म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सासवड सोडून दिवे घाट उतरू लागलो. गाडी वरच्या गिअरमध्ये होती आणि ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतरत होती. तिसऱ्या वळणाला पेडल थेट खाली गेले. चालवणाऱ्याने पेडल दोन-तीनदा मारून पाहिले, मग गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराकडच्या चरात घासत घातली. गाडी कलंडली नाही, कोणी दगावले नाही. एका आजींचा हात मोडला आणि तो पुढे कधी सरळ झाला नाही. पुढच्या वर्षी त्या पुन्हा वारीला आल्या, आमच्यावर रागावल्याही नाहीत. त्यामुळेच आम्हाला जास्त लागले.

नंतर पाहिले तर ब्रेक ऑइल कित्येक वर्षे बदललेले नव्हते. ते ऑइल हवेतले पाणी शोषते. सततच्या ब्रेकने चाके तापली की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण ब्रेक लागत नाही. एका चाकाचे सिलिंडरही पाझरत होते. निघण्याआधी आम्ही गाडी धुतली होती, हार घातला होता, नारळ फोडला होता. चाक मात्र उघडून पाहिले नव्हते.

त्या वर्षीच्या बैठकीत तीन नियम झाले आणि ते आजही पाळले जातात. सामानावर माणूस बसणार नाही, मग तो विणेकरी असो की दिंडीप्रमुखांचा पाहुणा. दर वर्षी ज्येष्ठात ब्रेक ऑइल बदलायचे आणि चारही चाके उघडून पाहायची, त्याची पावती भिशीच्या वहीत चिकटवायची. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. थकलेल्यांसाठी वेगळी बसची सोय भिशीतून होते. त्यासाठी भिशी वाढली तेव्हा कुरकुर झाली, पण त्या आजींनीच सर्वांत आधी पैसे काढून दिले.

पुढे काय?

२००५ नंतर "छोटा हत्ती" गावोगाव आला, नव्या पिकअप आल्या. आपली गाडी त्यांच्या शेजारी उभी राहिली की म्हातारी दिसते. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी भंगार धोरण आणले आणि आपल्याकडेही प्रश्न आला, ही ठेवायची की काढायची? तरुण म्हणतात, नवीन घेऊ. काही जण म्हणतात, या गाडीत आमच्या बापाचे पैसे आहेत. दोन्ही बाजूंना आम्ही एवढेच सांगितले की गाडीवर माया करावी, पण तिच्यामागे रस्त्यावर हजारो माणसे चालत असतात हे विसरू नये. यंदा तिचे पासिंग झाले आहे. ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षी कोणाच्या ओळखीने करून घ्यायचे नाही, असा ठराव सर्वांनी हात वर करून केला आहे.

गाडी बदलेल, जशी बैलजोडी बदलली, जीप बदलली. पत्र्याखालची पेटी मात्र पुढच्यांनी सांभाळावी. तिच्यात पाने आहेत, फॅनबेल्ट आहे, दोर आहे आणि आबांच्या जीपमधली ती पितळी कळशी आहे. दर वर्षी निघताना ती भरून ठेवतो. गाडीला लागो न लागो, वाटेत कोणा ना कोणा माउलीला लागतेच.

राम कृष्ण हरी.