पार्थ दासगुप्ता

सर पार्थसारथी दासगुप्ता (जन्म : १७ नोव्हेंबर १९४२, ढाका) हे भारतीय वंशाचे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ असून केंब्रिज विद्यापीठात अर्थशास्त्राचे गुणश्री प्राध्यापक आहेत. पर्यावरण व नैसर्गिक संसाधनांच्या अर्थशास्त्राला सैद्धांतिक बैठक मिळवून देणाऱ्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. देशाच्या जमाखर्चात माती, पाणी, जंगल आणि जीवसृष्टी यांच्या झिजेची नोंद होत नाही, म्हणून उत्पन्न वाढत असतानाही देश प्रत्यक्षात गरीब होत असू शकतो, हे त्यांच्या सुमारे पन्नास वर्षांच्या लेखनाचे मुख्य सूत्र आहे. ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यासाठी त्यांनी सिद्ध केलेला जैवविविधतेच्या अर्थशास्त्रावरील अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ‘दासगुप्ता अहवाल’ या नावाने ओळखला जातो.

जन्म, शिक्षण व अध्यापन

त्यांचे वडील अमियकुमार दासगुप्ता हे ढाका विद्यापीठात व पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. अमर्त्य सेन त्यांना गुरुस्थानी मानत. घरात अर्थशास्त्र असूनही पार्थ दासगुप्ता यांनी आरंभी ती वाट धरली नाही. वाराणसीतील राजघाट बेझंट स्कूलमधील शिक्षणानंतर त्यांनी दिल्लीच्या हंसराज महाविद्यालयातून १९६२ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. १९६५ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून गणिताची पदवी मिळवल्यावरच ते अर्थशास्त्राकडे वळले. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले जेम्स मिर्लीस हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९६८ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली.

१९७१ पासून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत होते. १९८५ मध्ये ते केंब्रिजला परतले. मधली काही वर्षे त्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन केले. केंब्रिजमध्ये ते ज्या पदावर निवृत्त झाले, त्याला फ्रँक रॅम्झी यांचे नाव आहे. रॅम्झी या तरुण गणितज्ञाने १९२८ मध्ये एक प्रश्न मांडला होता : पुढच्या पिढ्यांसाठी राष्ट्राने किती बचत करावी? दासगुप्ता यांच्या संशोधनाचे बरेचसे धागे याच प्रश्नाशी जाऊन मिळतात.

संपणाऱ्या संसाधनांचा सिद्धांत

१९७३ च्या तेलसंकटाने संसाधनांचा विषय अर्थशास्त्रज्ञांच्या चर्चेत अग्रभागी आणला. त्याआधी हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्ये एक नियम मांडला होता. जमिनीत राहू दिलेल्या खनिजाचे मूल्य व्याजदराच्या वेगाने वाढले पाहिजे. अन्यथा मालक ते आजच उपसून पैसे व्याजी लावील, असा त्याचा आशय होता. दासगुप्ता आणि जेफ्री हील यांनी १९७४ च्या शोधनिबंधात पुढचा प्रश्न घेतला. तेल संपत जाईल आणि यंत्रे व कौशल्य वाढत जाईल, तर एकाची जागा दुसरे कितपत घेऊ शकेल?

उत्तर प्रतिस्थापनक्षमतेवर अवलंबून आहे, असे त्यांनी दाखवले. भांडवल संसाधनाची जागा सहज घेऊ शकत असेल, तर मर्यादित साठ्यावरही उत्पादन दीर्घकाळ टिकू शकते. ती जागा घेणे अवघड असेल, तर कितीही यंत्रे उभारली तरी एकूण उत्पादनाला कायमची मर्यादा पडते. याच सुमारास रॉबर्ट सोलो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनीही या प्रश्नावर लिहिले आणि चौघांच्या मांडणीतून या शाखेचे एक प्रमाणभूत प्रारूप तयार झाले. दासगुप्ता व हील यांचा ‘इकॉनॉमिक थिअरी अँड एक्झॉस्टिबल रिसोर्सेस’ (१९७९) हा ग्रंथ त्यानंतर बराच काळ प्रगत विद्यार्थ्यांचा आधारग्रंथ होता. तो गणिताने भरलेला आहे आणि सामान्य वाचकाला सहज पेलणारा नाही.

गायराने, सरपण आणि दारिद्र्य

पुढे त्यांचे लक्ष खाणी आणि तेलविहिरींवरून खेड्याकडे वळले. त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग भारतीय वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, सर्वांचे असलेले कुरण अखेर उजाड होणारच, कारण प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जाईल. ‘द कंट्रोल ऑफ रिसोर्सेस’ (१९८२) या पुस्तकात दासगुप्ता यांनी हार्डिन यांच्या त्या प्रसिद्ध परिच्छेदाची कठोर चिकित्सा केली. इतक्या थोड्या ओळींत इतक्या चुका असलेला दुसरा प्रसिद्ध उतारा सापडणे कठीण, असा त्यांचा अभिप्राय होता. सामाईक आणि बेवारस हे दोन शब्द हार्डिन यांनी एकच मानले, हा त्यातला मुख्य आक्षेप. गावाच्या गायरानाला, तळ्याला, देवराईला बहुधा नियम असतात. ते कोणी, कधी, किती वापरायचे हे गावाला ठाऊक असते. नियम मोडतात तेव्हाच नासधूस सुरू होते.

या मांडणीला नरपत जोधा यांच्या १९८६ च्या क्षेत्रीय अभ्यासाचे बळ मिळाले. महाराष्ट्रासह सात राज्यांच्या कोरडवाहू भागांतील खेड्यांची पाहणी करून जोधा यांनी दाखवले की, गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा सामाईक जमिनीतून येतो आणि सधन कुटुंबांचा अगदी थोडा. जोधांचा आधार दासगुप्ता यांनी वारंवार घेतला. त्यातून निघणारा निष्कर्ष असा : जंगल तुटल्याचे नुकसान सर्वांना सारखे सोसावे लागत नाही. सधन घर गॅसचे सिलिंडर आणते. गरीब घरातील बाई आणि मुले सरपणासाठी आणखी दूर चालत जातात.

‘ॲन इन्क्वायरी इंटू वेल-बीइंग अँड डेस्टिट्यूशन’ (१९९३) या ग्रंथात आणि १९९५ च्या एका लेखात त्यांनी ही साखळी आणखी पुढे नेली. पाणी आणि सरपण दूर गेले की घराला जास्त हात लागतात, म्हणून मुले जास्त हवीशी वाटतात. कुटुंबे वाढली की जंगलावरचा भार वाढतो. दारिद्र्य, लोकसंख्या आणि पर्यावरणाचा ऱ्हास यांतील एकच कारण व बाकीचे परिणाम असे ते मानत नाहीत. तिन्ही एकमेकांना खाली ओढतात. यावर उपाय म्हणून त्यांनी सक्तीचे लोकसंख्या-नियंत्रण सुचवलेले नाही. स्त्रियांचे शिक्षण व अधिकार, कुटुंबनियोजनाच्या सोयी आणि सामाईक संसाधनांचे रक्षण यांवर त्यांचा भर आहे.

संपत्तीचा ताळेबंद

कारखान्यातील यंत्र झिजले की लेखापाल घसारा वजा करतो. भूजल उपसले गेले, सुपीक माती वाहून गेली किंवा खारफुटी तोडली गेली, तर स्थूल देशांतर्गत उत्पादनातून काहीही वजा होत नाही. तोडलेल्या लाकडाची विक्री मात्र जमेला धरली जाते. दासगुप्ता आणि स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ कार्ल-योरान मेलर यांनी यावर दीर्घकाळ एकत्र काम केले. विकास टिकाऊ आहे की नाही हे पाहायचे तर उत्पन्नाऐवजी संपत्ती मोजली पाहिजे, असे त्यांनी सिद्ध केले. या संपत्तीत रस्ते-यंत्रे, माणसांचे आरोग्य व शिक्षण आणि निसर्ग या तिन्ही भांडवलांचा समावेश होतो. येथे ‘भांडवल’ म्हणजे धंद्यात घातलेला पैसा नव्हे. पुढे फळ देत राहणारा कोणताही साठा, या अर्थाने तो शब्द घ्यायचा आहे. ज्यांना बाजारभाव नाही त्यांना ‘छाया किंमत’ लावावी लागते. हे तंत्र दासगुप्ता यांनी स्टीफन मार्ग्लिन आणि अमर्त्य सेन यांच्यासह संयुक्त राष्ट्रांसाठी १९७२ मध्ये लिहिलेल्या प्रकल्प-मूल्यमापनाच्या मार्गदर्शिकेतच वापरले होते.

‘ह्यूमन वेल-बीइंग अँड द नॅचरल एन्व्हायर्नमेंट’ (२००१) या पुस्तकात त्यांनी ही पद्धत प्रत्यक्ष आकड्यांना लावली. १९७० ते १९९३ या काळात भारतीय उपखंडात दरडोई उत्पन्न वाढत असताना दरडोई संपत्ती मात्र घटली, असे त्यांच्या ढोबळ हिशेबात दिसले. तंत्रज्ञानातील प्रगती धरून केलेल्या पुढच्या हिशेबांत भारताचे चित्र तितके निराशाजनक राहिले नाही. अशा अंदाजांतील उत्तर गृहीतकांनुसार बरेच हलते, ही या पद्धतीची उणीव मानावी लागते. भारताच्या राष्ट्रीय लेख्यांत निसर्गाची नोंद कशी करावी यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाचे ते अध्यक्ष होते. त्या गटाचा अहवाल २०१३ मध्ये आला.

स्टर्न अहवालाशी मतभेद

निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरील अहवालावर (२००६) दासगुप्ता यांनी घेतलेला आक्षेप अनेकदा चुकीचा समजला जातो. तातडीने कृती हवी, याबद्दल त्यांचे दुमत नव्हते. केवळ उशिरा जन्मले म्हणून भावी माणसांचे महत्त्व कमी धरू नये, हे स्टर्न यांचे गृहीतकही त्यांना मान्य होते. गरीब आणि श्रीमंत यांच्यातील विषमतेला अहवालाने फार कमी वजन दिले, हा त्यांचा मुद्दा होता. तेच गृहीतक एका साध्या प्रारूपात घातले तर आजच्या पिढीने उत्पन्नाच्या ९७.५ टक्के रकमेची बचत करावी असे निघते, हे त्यांनी दाखवून दिले.

दासगुप्ता अहवाल

ब्रिटनच्या अर्थखात्याने २०१९ मध्ये सोपवलेले हे काम फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे ६०० पानांच्या अहवालाच्या रूपाने पुरे झाले. पर्यावरणखात्याऐवजी अर्थखात्याने हा विषय हाती घ्यावा, हीच त्या वेळी नवी गोष्ट होती. अहवालानुसार १९९२ ते २०१४ या काळात जगात माणशी मानवनिर्मित भांडवल दुप्पट झाले, मानवी भांडवल सुमारे १३ टक्क्यांनी वाढले आणि नैसर्गिक भांडवल जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले. मानवाची आजची मागणी भागवायला १.६ पृथ्वी लागतील. निसर्गाला हानी पोहोचवणारी अनुदाने दरवर्षी ४ ते ६ लाख कोटी डॉलर इतकी आहेत.

निसर्गाचा हिशेब का चुकतो, याचे अहवालातील विवेचन लक्षात राहण्याजोगे आहे. निसर्गाचे बरेच घटक फिरते, मूक आणि अदृश्य असतात. वारा, नदी आणि मासे सरहद्द ओळखत नाहीत. जमिनीखालचे सूक्ष्मजीव दिसत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. त्यामुळे केवळ कर आणि बाजार यांवर विसंबता येत नाही, तर शाळेपासूनच निसर्गशिक्षण द्यावे लागते, असे अहवाल सांगतो. अर्थखात्याच्या कागदपत्रांत अशी शिफारस क्वचितच आढळते.

निसर्गाला ‘मालमत्ता’ म्हटले की तो विकायला काढला जाईल, अशी टीका काही पर्यावरणवादी लेखकांनी केली. निसर्गाला स्वतःचे, उपयोगापलीकडचे मूल्य आहे हे अहवालही मान्य करतो. मात्र जमाखर्चात ज्याची किंमत शून्य लिहिली जाते ते उधळले जाते, हा दासगुप्ता यांचा युक्तिवाद आहे. हा वाद मिटलेला नाही.

इतर लेखन व सन्मान

कुपोषण व बेरोजगारी (देबराज रे यांच्यासह), स्पर्धा व नवशोध (स्टिग्लिट्झ यांच्यासह) आणि विज्ञानाचे अर्थशास्त्र (पॉल डेव्हिड यांच्यासह) या विषयांवरील त्यांचे निबंधही महत्त्वाचे मानले जातात. ‘इकॉनॉमिक्स : अ व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन’ (२००७) हे छोटे पुस्तक नव्या वाचकाने प्रथम हाती घ्यावे. अमेरिकेतील आणि इथिओपियातील दोन मुलींच्या आयुष्यांची तुलना करत ते विषय उलगडते. दक्षिण आशियातील तरुण पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञांना प्रशिक्षण देणारे, काठमांडू येथे मुख्यालय असलेले जाळे उभारण्यातही त्यांचा वाटा आहे.

ब्रिटनने त्यांना २००२ मध्ये ‘सर’ हा किताब दिला. २००४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ब्लू प्लॅनेट पारितोषिक (२०१५) आणि टायलर पारितोषिक (२०१६) त्यांना लाभले असून २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ म्हणून त्यांचा गौरव केला.