बटाट्यांचा श्वास

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गुंजीच्या घरी बटाट्यांचे पोते येई. ते माळ्यावर पसरायचे काम आम्हा मुलांचे. एका वर्षी आळस केला. चार-आठ दिवसांनी पोत्यात हात घातला, तर आतले बटाटे चक्क कोमट! “जीव हाय त्यास्नी, श्वास घेतात,” आजी म्हणाली. शेजारच्या अक्कांनीही ‘उसिरु, उसिरु’ म्हणत मान डोलावली. मला ते बायकांचे बोलणे वाटले.

पुढे कळले, की बटाट्याच्या या श्वासावरच एका मराठी बाईने केंब्रिजची पीएच.डी. मिळविली होती. कमला भागवत, लग्नानंतरच्या सोहोनी. आपल्या दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिली येऊनही बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी तिला नाकारले, केवळ मुलगी म्हणून. लोंढ्याला गाडी बदलली की आम्हाला बंगळूर दूर नाही. तिला ते किती दूर होते! ती हटली नाही. एक वर्ष परीक्षेपुरते, अशा मानहानीच्या अटींवर प्रवेश मिळाला. रामन थोर, पण हा हिशेब त्यांच्या खात्यावर राहतोच.

केंब्रिजमध्येच १९२५ साली डेव्हिड कायलिन यांनी ‘सायटोक्रोम’ ही लोहयुक्त प्रथिने उजेडात आणली होती. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये हातोहात पुढे जातात, स्लॅबच्या कामावर घमेली जावीत तसे. सायटोक्रोम-सी हा त्या रांगेतला शेवटून दुसरा गडी. शेवटचे विकर ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करते आणि पाणी तयार होते. वाटेत सुटलेल्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात; ते परत येताना एटीपी घडते, पेशीचा रोजचा खर्च भागविणारी नाणी. (ही शेवटची उकल पीटर मिचेल यांची, १९६१ ची.) सायनाइड तो शेवटचा हातच बांधून टाकते, मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरतात. नाण्यांत न बसलेली ऊर्जा उष्णता होऊन निसटते. आमच्या पोत्यातली ऊब तीच.

कमलाबाईंनी बटाट्यावर काम करता करता दाखवून दिले, की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते. म्हणजे बटाटा, बैल आणि बैल हाकणारा, सगळ्यांची रांग एकच. १९३९ साली त्यांना पदवी मिळाली. प्रबंध अवघा ४० पानांचा!

आमच्या त्या बटाट्यांना मोड आले. आजीने ते परड्यात लावले.