पत्ता चुकला तर?

इथेरियमवरचा पत्ता बेचाळीस चिन्हांचा असतो. पहिली दोन, शून्य आणि एक्स, ठरलेली. उरलेली चाळीस चिन्हं ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरं यांतूनच येतात. असे एकूण किती पत्ते होऊ शकतात? ती संख्या ४९ आकडी आहे. आणि गोम अशी, की त्यातला प्रत्येक पत्ता वैध आहे.

बँकेत खाते क्रमांक चुकला तर बऱ्याचदा तसं खातंच नसतं आणि पैसे परत येतात. इथे 'असं खातं नाही' म्हणणारं कुणीच नाही. एक चिन्ह चुकलं, की ज्याची किल्ली जगात कुणाकडेच नाही अशा पत्त्यावर पैसे जाऊन पडतात. ते सगळ्यांना दिसतात, पण कुणालाच काढता येत नाहीत. शाखा नाही, मॅनेजर नाही, तक्रार क्रमांक नाही.

ब्लॉकचेनचा इतिहास सहसा गणित, भाव आणि घोटाळे यांच्या अंगाने सांगितला जातो. 'पत्ता चुकला तर काय?' या एका साध्या प्रश्नाच्या मागे गेलं, तर त्याच इतिहासात एक वेगळा माणूस भेटतो. तो गणिती नाही. रिओ दी जानेरोचा डिझायनर आहे. नाव ॲलेक्स व्हान दे सांदे.

हा प्रश्न बिटकॉइनमध्ये सुरुवातीपासून हाताळलेला होता. २००९च्या मूळ बिटकॉइनमध्ये पत्ता लिहिताना शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल ही चार चिन्हं वगळलेली होती, कारण ती डोळ्यांना फसवतात. शिवाय पत्त्यातच तपासणीची काही चिन्हं दडवलेली होती. आपल्या आधारचंही तसंच आहे. बारा आकड्यांपैकी शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर संगणक लगेच ओळखतो.

३० जुलै २०१५ला इथेरियम सुरू झालं तेव्हा त्याच्या पत्त्यात अशी कुठलीच सोय नव्हती. पहिली आवृत्ती कमांड लाइनवर चालायची, म्हणजे काळा पडदा आणि टाइप केलेल्या आज्ञा. वापरणारे जवळजवळ सगळे प्रोग्रॅमर. प्रोग्रॅमर पत्ता टाइप करत नाही, कॉपी-पेस्ट करतो. त्यामुळे ही उणीव कुणाला फारशी टोचत नव्हती.

टोचणारं कुणीतरी लागतं. व्हान दे सांदे त्याआधीच, २०१४ मध्ये, या कामात आला होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनला इथेरियमच्या विकासकांचा पहिला मेळावा भरला. नेटवर्क सुरू व्हायला अजून आठ महिने होते. तिथे त्याने 'मिस्ट' नावाच्या ब्राउझरची कल्पना मांडली. ज्या गोष्टीचं अजून यंत्रही पुरतं तयार नाही, तिचा पडदा कसा असेल हे तो दाखवत होता. पुढे फाबियन फोगेलस्टेलर या जर्मन प्रोग्रॅमरबरोबर त्याने मिस्ट आणि त्यातलं वॉलेट उभं केलं. मिस्टमध्ये प्रत्येक पत्त्याशेजारी रंगीत चौकोनांचं एक छोटं चित्र दिसायचं. ते पत्त्यावरूनच तयार व्हायचं. चाळीस चिन्हं लक्षात राहत नाहीत, पण आपलं चित्र हिरवं-जांभळं आहे एवढं राहतं. पत्ता बदलला की चित्रही बदललं.

चित्र डोळ्यांसाठी झालं. पण चूक यंत्रालाही कळायला हवी होती. जानेवारी २०१६ मध्ये ईआयपी-५५ नावाचा प्रस्ताव आला. लेखक दोन: इथेरियमचा जनक व्हिटालिक ब्युटेरिन आणि व्हान दे सांदे.

रोज कोड लिहिणारा म्हणून मला हा प्रस्ताव फार आवडतो. अडचण अशी होती, की पत्त्याला नवीन चिन्ह जोडलं तर आधीची सगळी सॉफ्टवेअर मोडणार. मग तपासणीची माहिती ठेवायची कुठे? उत्तर: अक्षरांच्या कॅपिटल-स्मॉलमध्ये. यंत्राच्या लेखी कॅपिटल ए आणि स्मॉल ए सारखेच, म्हणजे ती जागा मोकळीच पडून होती. पत्ता आधी सगळा स्मॉल करायचा आणि त्याचा हॅश काढायचा. मग पत्त्यात जिथे अक्षर असेल, तिथे हॅशमधलं त्याच क्रमांकाचं चिन्ह पाहायचं. त्याची किंमत आठ किंवा जास्त असेल तर अक्षर कॅपिटल, नाहीतर स्मॉल. पत्त्यात सरासरी पंधरा अक्षरं असतात, म्हणजे पंधरा छोट्या तपासण्या फुकटात मिळाल्या. चुकून टाइप केलेला पत्ता या चाळणीतून निसटण्याची शक्यता ०.०२४७ टक्के, म्हणजे साधारण चार हजारांत एक. जुनं सॉफ्टवेअर कॅपिटल-स्मॉलकडे दुर्लक्ष करून पूर्वीसारखंच चालत राहिलं.

चुकीची एक बाजू अशी बांधून झाली. पण त्याच वर्षी दुसरी बाजू उघडी पडली. 'द डाओ' नावाच्या सामायिक निधीत लोकांनी सुमारे १५ कोटी डॉलरचं ईथर जमा केलं होतं. १७ जून २०१६ला कोडमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी त्यातून सुमारे ३६ लाख ईथर वळवायला सुरुवात केली. उरलेला पैसा वाचवायला काहीजण एकत्र आले. उपाय विचित्र होता: चोराचीच युक्ती वापरून, चोराच्या आधी तिजोरी रिकामी करायची. या गटात व्हान दे सांदेही होता. २१ जूनला मोहीम सुरू झाली, तेव्हा डाओ सुरक्षितपणे रिकामा केला जातोय, घाबरू नका, अशा अर्थाचा मजकूर त्याने ट्विटरवर टाकला. बाहेरून पाहणाऱ्याला चोरी आणि बचाव यांत काहीच फरक दिसला नसता. दोन्हीकडे ईथर सारखंच बाहेर जात होतं. यंत्र आत्ता काय करतंय हे माणसाला कळेल अशा शब्दांत सांगणं हे डिझायनरचं रोजचं काम. इथे त्या एका ओळीमागे कोट्यवधी डॉलर होते.

२० जुलैला इथेरियमने नियम बदलून वळवलेला पैसा मूळ मालकांना मिळेल अशी तजवीज केली. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जुनी साखळी चालू ठेवली. ती आजही इथेरियम क्लासिक नावाने चालते. 'अनडू'चं बटण नसलेल्या व्यवस्थेने एकदा अनडू केलं आणि त्याची किंमत म्हणून तिची दोन शकलं झाली. मोठ्या चुकीसाठी हे घडलं. एकट्या माणसाने एक चिन्ह चुकवलं तर त्याच्यासाठी कुणी साखळी दुभंगणार नव्हतं. त्याची चूक पडद्यावरच अडवायला हवी होती.

मग सरळ प्रश्न: माणसाने पत्ता टाइप करावाच का? एप्रिल २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या निक जॉन्सनने पत्त्याऐवजी नाव वापरण्याचा प्रस्ताव लिहिला. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, ११ तारखेला, मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली. तिथेही खाते क्रमांक आणि अकरा चिन्हांचा आयएफएससी कोड बाजूला सारून एक सोपा आयडी पुढे आला. जॉन्सन आणि व्हान दे सांदे यांनी उभारलेली नावांची व्यवस्था म्हणजे इथेरियम नेम सर्व्हिस. मार्च २०१७ मध्ये ती सुरू करताच त्रुटी सापडल्या, म्हणून थांबवली आणि ४ मे रोजी पुन्हा सुरू केली. फरक एवढाच, की यूपीआयच्या मागे बँक उभी असते. या नावामागे कुणी नसतं.

ही काही विजयगाथा नाही. मिस्ट वापरायला सगळी साखळी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी लागायची आणि तेवढा धीर लोकांना नव्हता. ब्राउझरमध्ये चटकन बसणारं मेटामास्क पुढे गेलं. मार्च २०१९ मध्ये मिस्ट बंद झालं. आणि डिझाइननेच नवी भोकंही पाडली. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पूर्ण पत्ता मावत नाही, म्हणून वॉलेट सुरुवातीची आणि शेवटची काही चिन्हंच दाखवू लागली, मधे तीन टिंबं. चोरांनी हे हेरलं. दोन्ही टोकं तंतोतंत जुळणारा पत्ता तयार करायचा, त्यावरून एक क्षुल्लक व्यवहार करून तो समोरच्याच्या यादीत घुसवायचा आणि तो कधी कॉपी करतोय याची वाट पाहायची. मे २०२४ मध्ये असा एक पत्ता उचलल्यामुळे एकाचे सुमारे ६.८ कोटी डॉलर एका व्यवहारात गेले. चोराने पुढे बहुतांश रक्कम परत केली. पण ती त्याची मर्जी. ईआयपी-५५ची चाळणी इथे कामाची नव्हती, कारण पत्ता चुकलेला नव्हताच. तो बरोबर टाइप केलेला, चुकीच्या माणसाचा पत्ता होता.

आज कितीतरी डिझायनर फूड डिलिव्हरी किंवा कर्जाच्या ॲपमधून या उद्योगात येऊ पाहतात. सल्ला मिळतो तो शब्दसंग्रहाचा: गॅस म्हणजे काय, टोकन म्हणजे काय. ते महिनाभरात येतं. जास्त अवघड आहे जुनी सवय सोडणं. आधीच्या कामात पायऱ्या कमी करणं म्हणजे यश, कारण चूक झालीच तर रद्द करता येते, हेल्पलाइन असते, रिफंड असतो. इथे सही करण्याआधीचा पडदा हाच शेवटचा दरवाजा. तिथे कधी एक पायरी वाढवणं हेच चांगलं डिझाइन असतं. व्हान दे सांदेच्या वाटेवरून हेच दिसतं: या क्षेत्रातली त्याची सर्वांत टिकाऊ खूण कुठल्या सुंदर पडद्यावर नाही. त्याचा ब्राउझर तर गेलाच.

एखादं इथेरियम वॉलेट उघडून पत्ता नीट पाहा. मधेच कॅपिटल, मधेच स्मॉल अक्षरं दिसतील, कुणीतरी घाईत टाइप केल्यासारखी. ती मोडतोड नाही. पत्ता चुकला तर काय, असं कुणीतरी वेळेवर विचारल्याची ती खूण आहे.